फिटरभाऊंची काळी भिंत

फिटरभाऊ कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीला तळवा लावत. "हे भिंतीर आठांक ऊन येता," असं सांगत, आणि ते बरोबर निघे.

गोव्यातल्या तुये गावी एका कारखान्यात ते फिटर होते. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर मी त्यांच्याकडेच भाड्याने राहिले.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दमा होता. पौषातल्या धुकट सकाळी खिडकी उघडली की गार हवेने त्यांचा श्वास अडके. बंद ठेवली तर कोंदटपणाने जीव घुसमटे. ताजी हवा हवीच, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी कारखान्याच्या तापलेल्या पत्र्याला पाठ टेकून डबा खाताना भाऊंना सुचलं. त्यांनी एक पत्रा आणला, त्याला बारीक भोकं पाडून काळा रंग दिला आणि खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीला, चार बोटं पोकळी ठेवून, बाहेरून ठोकला. कडा बुजवल्या. वर भिंतीत छोटा पंखा बसवला. भोकांतून शिरणारी हवा पत्र्याची ऊब घेऊन खोलीत यायची.

दारापुढच्या बलकांवात, दगडी बाकांवर बसून राजभाषेवर भांडणारे शेजारी भांडण सोडून हसले. "फिटरा, गोंयांत थंडी खंय आसा रे?"

"तुमका ना. तिका आसा," भाऊ म्हणाले.

पहिल्याच सकाळी ओल्या रंगाचा वास खोलीत भरला. वहिनी खोकून खोकून निळ्या पडल्या. भाऊंनी पत्रा उतरवला, आठ दिवस अंगणात तापवला आणि वास गेल्यावरच पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पंख्याखाली बसून निवांत केस विंचरत होत्या. मला म्हणाल्या, "पळयलें मगे बाई? म्हाका सुकटां कशी सुकयता हो!" भाऊ इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे माझी डिचोलीला बदली झाली. काही वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, वहिनी गेल्याचं कळलं. भेटायला गेले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या पत्र्यामुळे त्यांना एवढी वर्षं मिळाली."

"पत्र्यान न्हय बाई," ते म्हणाले. "तीं वर्सां तिणेंच काडलीं. हांवें फकत वारो भितर हाडलो."

मला बसवर सोडायला ते निघाले. दारात थांबून खिशात किल्ली शोधू लागले. त्या घराला कुलूप लागताना मी पहिल्यांदाच पाहिलं.