माशी माझी, मासा त्याचा

नोव्हेंबर लागला की बहरीनचं पाणी निवतं आणि माशांची बारकी चंदेरी पिल्लं काठाजवळ येतात. मग गळाला उन्हाळ्यातली मोठी, झगमगीत माशी चालत नाही. बोटाच्या पेराएवढी, पांढुरकी, पोटाला जरीचा एखादाच धागा असलेली लागते. पिसं-दोऱ्यांची ही खोटी माशी बांधायला मला ऑफिसातल्या एका इंग्रज साहेबाने शिकवलं. तो त्याच्या गावच्या नदीत ट्राउट मासे धरायचा. मी ती विद्या इथे अमवाजच्या समुद्रकाठच्या खडकांवर आणली.

आणि मी पुण्याचा, शाकाहारी. म्हणून आमची वाटणी ठरलेली. माशी मी निवडायची, गळही मीच टाकायचा. मासा लागला की रॉड मित्राच्या हातात. गळ तो सोडवायचा, मासा त्याच्या घरी जायचा. मित्र रत्नागिरीचा मुसलमान, राहायला जिदहफ्सला. "मारेकरी मी, सुपारी तुझी," असं तो म्हणायचा आणि मी हसायचो. घरी मात्र सांगायचो, तो मासे धरतो, मी आपला वारा खायला जातो.

यंदा सासूबाई आल्या होत्या. एका शुक्रवारी त्याही समुद्र बघायला आमच्याबरोबर आल्या. त्या दिवशी मी गळ टाकणार नव्हतोच. पण पाणी नितळ होतं आणि त्या दूरवरच्या एका बाकावर बसल्या होत्या. डबी उघडून मी पांढुरकी माशी निवडली. दुसऱ्याच फेकीला चांगला मोठा मासा लागला. घाईघाईने रॉड मित्राकडे दिला. त्याने मासा वर ओढला तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"अहो, आमच्या जावयांना कशाला या पापात ओढता?" त्या त्याला म्हणाल्या. "त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तुमचं एक ठीक आहे."

त्या 'तुमचं'मध्ये काय काय होतं ते आम्हा दोघांनाही कळलं. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी डबीचं झाकण लावत बसलो.

"चुकलं, मावशी," तो म्हणाला. "पुन्हा नाही आणणार त्यांना."

पुढच्या शुक्रवारी फोन केला, तर म्हणाला, "मावशी आहेत तोवर नको रे. उगाच तुला त्रास."

त्रास मला.

शेवटी त्याला घरी चहाला बोलावलं. सासूबाईंनी त्याच्यापुढे चिवडा ठेवला, तेव्हा मी बोललो. "आई, त्या दिवशीचा मासा मी धरला होता. सगळेच मी धरतो. हा फक्त गळ सोडवतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यालाच विचारलं, "मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"यांचं तोंड बघितलं ना, मावशी. यांनी कबूल केलं नसतं. मग मी वर खोटारडाही ठरलो असतो."

केलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं.