अण्णांचा एकच फोटो

करकंबच्या जोतीरामचं शुक्रवार पेठेत फ्लेक्सचं दुकान होतं, आणि एकच काम दोनदा करायचं म्हटलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. पेठेतल्या प्रत्येक फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून तिथले पुढारी शिवराजअण्णा लागायचेच. म्हणून त्यानं अण्णांचा हसरा फोटो एकाच फाइलीत ठेवून बाकीच्या सगळ्या डिझाइनला नुसता लिंक केला होता. मूळ फोटो बदलला, की सगळीकडचे अण्णा आपोआप बदलायचे.

सोमवारी गोजरबाईंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स बघून त्यांचा लेक भडकला. "आमची आई गेली, आन् अण्णा दात काढत्यात व्हय?"

जोतीरामनं मूळ फोटोतच अण्णांचं हसू पुसलं, चेहरा पाडला आणि मंगळवारचे सगळे फ्लेक्स बिनघोर छापून दिले.

बुधवारी अण्णा स्वतःच दुकानात आले. "जोत्या, भाच्याच्या लग्नाच्या फ्लेक्सवर मी सुतकी तोंड करून उभा हाय! जिमच्या उद्घाटनाला बी तेच. पावणे इचारत्यात, घरात कोण गेलं?"

जोतीरामनं घाईघाईनं मूळ फोटोची फाइल उघडली. "अण्णा, लिंक हाय ती. आत्ता हसवतो, सगळीकडं एकदम. नवे छापून लावतो की."

"पृथ्वीराज मालकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बी?" अण्णांनी आवाज खाली आणला. युती झाल्यापासून या जुन्या वैऱ्याला त्यांना दरवर्षी शुभेच्छा द्याव्या लागत.

"व्हय, तितं बी."

"तेवढी लिंक तोड," अण्णा म्हणाले. "तितला फोटो लई खरा आलाय."