नेच्याची सात रोपं

सिंगापुरात हौगांगला राहणारी क्षिप्रा एका बँकेत नोकरी करायची, पण शनिवारची सकाळ मात्र बोटॅनिक गार्डनच्या रोपवाटिकेत नेचे सांभाळण्यात घालवायची. २०११ साली रस्त्यासाठी जंगलातला एक ओढा बुजवायचं ठरलं, तेव्हा तिने आणि रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याने, हमीद अंकलनी, त्याच्या काठावरून एका दुर्मीळ नेच्याची सात रोपं मातीसकट काढून आणली. ती जात नंतर खूप शोधूनही कुठे सापडली नाही.

नेच्याला बी नसतं. पानामागे तपकिरी ठिपके धरतात आणि त्यांतल्या भुकटीतून नवी रोपं होतात. क्षिप्रा दर शनिवारी एकेक पान हलकेच उलटून बघायची, पण ठिपके कधी धरलेच नाहीत. सावली बदलली, माती बदलली, कंद तोडून वेगळे लावले, तर ते कुजले. सहा वर्षांत सहा रोपं गेली. मग सातवंही पिवळं पडलं.

"अंकल, अजून काही करता येईल?"

"फिनिश ऑलरेडी, मॅडम," हमीद अंकल खाली बघत म्हणाले.

तिने सुकलेलं पान कागदात दाबून ठेवलं, कुंडी धुतली आणि घरी आली.

"आई, सो अर्ली?" अवनीने विचारलं.

"हो गं. आता तिथे काही काम उरलं नाही."