राजा ओहोटीआधी मरायचा

मिठागरात पाणी आटलं की खाली मीठ उरतं. आमच्या नाटकांचंही तसंच झालं. नाटकं आता कोणाला धड आठवत नाहीत, किस्से मात्र ढीगभर उरलेत! चार जण जमले की कोणीतरी एखादा उकरून काढतोच. आज माझी पाळी, तर ऐका.

रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठावर आमचं गाव. बोलपट यायच्या आधीपासूनची ही गोष्ट. भात झोडून खळं मोकळं झालं की तिथंच माच बांधून आम्ही नाटक करायचो. लिहिणार शाळेतले गुरुजी. राजा म्हणजे राघो पाटील आणि राजकन्या म्हणजे त्यांचाच थोरला मुलगा हिराजी. तेव्हा बायका कुठल्या माचावर यायला! मला भराभर वाचता यायचं, म्हणून मी प्रॉम्प्टर.

*

आमचं नाटक घड्याळावर नाही, पाण्यावर चालायचं! अर्धे प्रेक्षक खाडीपलीकडचे. ते भरतीबरोबर होड्यांनी येणार आणि ओहोटीने चिखल उघडा पडायच्या आत परत जाणार. म्हणून नाटक नेहमी चतुर्थी-पंचमीला, दुपारच्या भरतीला. मुंबईच्या बड्या कंपन्यांनी असं एक तरी नाटक करून दाखवावं!

एका वर्षी राघो पाटलांना मरायचा सीन फारच आवडला. बाण लागला, खाली पडले, पुन्हा उठले, प्रजेला उपदेश केला, पुन्हा पडले, पुन्हा उठले. पहिल्या रांगेत पांडू तांडेल बसला होता. पलीकडच्या लोकांना आणायचं-न्यायचं काम त्याचं. त्याचं अर्धं लक्ष खाडीकडे. शेवटी तो उभा राहून ओरडला, "महाराज, बिगीनं मरा! पानी चाललं!"

महाराज जागच्या जागी मेले. इतक्या टाळ्या त्यांना जन्मात मिळाल्या नव्हत्या!

*

पुढे बोलपट आले. मुंबईहून आलेला एक पाहुणा गुरुजींना म्हणाला, "आता तुमचं नाटक कोण बघणार, मास्तर?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुमच्या बोलपटातल्या राजाला लवकर मर म्हणून सांगून बघा. ऐकतो का?"

*

पडदा म्हणजे पांडू तांडेलाच्या मचव्याचं जुनं शीड. त्यावर गुरुजींनी रंगाने राजवाडा काढलेला. सात कमानी, दोन हत्ती, सगळं झकास! एकदा पांडूचं नवं शीड वाऱ्यात फाटलं आणि माल तर भाऊच्या धक्क्याला पोचवायचा होता. त्याने सरळ आमचा पडदा चढवला आणि निघाला. हत्तींसकट राजवाडा मुंबईला!

धक्क्यावर ही गर्दी जमली. कोणीतरी विचारलं, "कुठल्या संस्थानचा मचवा?"

पांडू छाती काढून म्हणाला, "आमचंच संस्थान हाय. पंचमीला नाटक हाय, या!"

आणि सांगायला अभिमान वाटतो, त्यातले सात जण खरंच आले!

*

आता हिराजीचं. दिवसभर मिठागरात राबणारा गडी, पण नऊवारी नेसून उभा राहिला की गावातल्या बायका त्याच्या चालीकडे बघत राहायच्या. एकच पंचाईत होती. मिठाच्या पाण्याने टाचा फुटून भेगाळलेल्या. पलीकडचा एक टवाळ ओरडला, "राजकन्या मिठागरात कामाला हाय व्हय?"

हिराजीने पदर सावरला आणि तितक्याच नाजूक आवाजात उत्तर दिलं, "व्हय तर! आमच्या बाबांचं राज्यच मिठाचं हाय!"

टवाळ खाली बसला. आमची मान मात्र ताठ झाली.

*

पण या राजकन्येची आईच नाटकाला यायची नाही. घर खळ्याला लागूनच, मध्ये फक्त एक कूड. नाटकाच्या दिवशी ती दार लावून वाल निवडत बसायची. हिराजीला फार लागायचं ते. मला म्हणायचा, "सगला गाव बघतो रं. आयनं एकदा बघावं, बस. मंग मी लुगडं सोडलं तरी चालंल."

एकदा त्याने धीर करून तिचं लग्नातलं हिरवं लुगडं मागितलं. मी सोबत होतो. म्हातारी कडाडली, "नवरा राजा झाला, ते सोसलं. पाच पोरगे झाले, पोरगी एक न्हाय! ती हौस आता तू फेडनार व्हय रं? माझं लुगडं नाचवायला न्हाय!"

हिराजी शेवटी तांडेलाच्या बायकोचं लुगडं नेसला.

*

त्याच वर्षी ऐन गाण्यात वारा सुटला आणि माझ्या वहीची पानं उडाली. हिराजीची ओळ अडली. तो माझ्याकडे बघतोय, मी पानांमागे धावतोय! तेवढ्यात कुडापलीकडून बाईच्या आवाजात पुढची ओळ आली. सुरात, अगदी बिनचूक.

हिराजीने गाणं पुरं केलं. नाटक संपल्यावर आम्ही दोघं धावत घरी गेलो. म्हातारी वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकं वरडता, बहिऱ्याला पन पाठ व्हईल."

*

आणि हा शेवटचा. गुरुजींनी नवं नाटक लिहिलं. राजाला मरायला फार वेळ लागतो म्हणून यात राजा मरतच नव्हता! शेवटी राजकन्येची सासरी पाठवणी, आणि पडदा.

पाठवणी आली. राघो पाटील डोळ्याला उपरणं लावून उभे. हिराजी मान खाली घालून उभा. ओहोटी लागली होती, पांडू तांडेल चुळबुळत होता. इतक्यात प्रेक्षकांतून वाट काढत हिराजीची आई आली. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि ते हिरवं लुगडं. ती तडक माचावर चढली. राजा बाजूला झाला. मी वही मिटली.

तिने हिराजीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"नीट उभी ऱ्हा गो," ती म्हणाली. "पदर पुढं कर."

हिराजीने पदर पुढे केला. ती ओंजळ ओंजळ तांदूळ घालू लागली.

पांडू तांडेल उठला. खाडीकडे बघितलं. पाणी चाललं होतं, होड्या चिखलाला टेकत होत्या. पलीकडचे लोकही एकेक करून उठू लागले. पांडू मागे वळला.

"बसा खाली सगले," तो म्हणाला. "पानी काय, परत येल."