सोनूबाईच्या गडग्यातली वाट

दारावरून कोणी पाणी न पिता गेलं की सोनूबाईला तो अपमान वाटे. मग ते विमान का असेना! छत्तीस सालच्या सुमाराला टपालाचं विमान रत्नागिरीवरून गोव्याकडे जायचं, तेव्हा ही बया अंगणात येऊन ओरडायची, "अरे मेल्या, गूळपाणी तरी घेऊन जा!" शेजारचा शिवा पोट धरून हसायचा. हसेना का! सोनूबाई कुणाच्या हसण्याला भीक घालणारी नव्हती.

तिचा नवरा काशीराम मुंबईला गिरणीत होता. पूर्वी एकदा ऐन श्रावणात त्याच्या तापाची तार आली. पावसाळ्यात आगबोटी बंद, घाटात दरड कोसळलेली. वळसे घेत घेत ती मुंबईला पोचली, तेव्हा त्याचा दहावा होऊन गेला होता. पदरी मूल नाही. रडून झालं, मग बाईने सड्यावरचा, म्हणजे गावाजवळच्या खडकाळ पठारावरचा, कातळ फोडला, डोक्यावरून माती वाहिली, आंब्याची कलमं लावली. गुरं शिरू नयेत म्हणून दगडावर दगड रचून गडगा घातला, तोही एकटीने. काय छाती म्हणावी! पोट सगळं त्या कलमांवर.

एका फाल्गुनात इंजिन बिघडून ते विमान खरंच सड्यावर उतरलं. गाव घाबरून लांब उभं राहिलं. सोनूबाई गूळपाणी घेऊन थेट पुढे. "आलास एकदाचा! बस." विमान चालवणारं पोर घटाघटा पाणी प्यायलं, मग त्याने इंजिन दुरुस्त केलं आणि समोर बघून कपाळाला हात लावला. उडायला लांब धाव हवी. सपाट कातळ पार कड्यापर्यंत होता, पण मध्येच तिचा गडगा आडवा.

"आई, हा थोडा पाडला तरच निघता येईल."

सोनूबाईने आधी कलमांकडे पाहिलं. "जायचंय कुठे तुला?"

"जुहूच्या तळावरून निघालो, गोव्याच्या तळावर उतरायचं. अडीचशे मैल. तीन तासांत पोचतो."

"आणि मुंबईहून इथवर?"

"दीड तास."

दीड तास! भात शिजवून, जेवून, भांडी घासेपर्यंत माणूस मुंबईला! "मग माझ्या वेळेला कुठे मेला होतास रे?" ती ढसाढसा रडली. पोर बिचारं कावरंबावरं झालं. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि गडग्याचा पहिला दगड स्वतः काढला.

विमान गेलं. शिवा भगदाड बुजवायला आला, तर तिने त्याला हाकललं. "राहू दे. परत उतरायची वेळ आली तर?"

"अगो, गुरं कलमं खातील!"

"मी बसेन राखणीला."

आणि बसली की! तरी एकदा तिचा डोळा लागला नि शिवाच्याच गाईने दोन कलमं फस्त केली. शिवा ओशाळला. दगड घेऊन आला. "सोनूबाय, पुरे झाला हा खुळेपणा."

ती शांतपणे म्हणाली, "शिवा, तुझा मुलगा गंगाराम मुंबईलाच आहे ना? पावसात त्याची तार आली तर?"

शिवाने दगड खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने गाय दावणीला बांधली आणि स्वतः त्या भगदाडात राखणीला येऊन बसला. दुपारी आकाशात घरघर झाली. सोनूबाई घरातून बाहेर येईपर्यंत शिवाच दोन्ही हात वर करून ओरडत होता, "अरे, पाणी तरी घेऊन जा रे!"