लांब ठेवलेला माठ

काल माठाभोवती गुंडाळायला गोणपाट भिजवलं आणि त्या ओल्या वासाने मला थेट तलासरीच्या गवताच्या वखारीत नेलं.

तेव्हा मी तिथे मुकादम होतो. मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा. सुकं गवत दाबून गठ्ठे बांधणारी माणसं सारखी पाणी प्यायला उठतात, म्हणून सकाळी मीच माठ लांब फाटकापाशी नेऊन ठेवला. घरी हे मी कधीच सांगितलं नाही.

भर दुपारी देवजी कोसळला. अंग भट्टीसारखं, घाम नाही, बोलणं भलतंच. मी नुसता उभा. त्याची बायको लक्षी ओरडली, "शेठ, पाणी तू लांब नेलंस, आता तूच आण!"

मी धावलो. आम्ही त्याला आंब्याखाली निजवलं, अंगावर पाणी ओतलं, ओल्या पोत्याने वारा घातला. जीप येईपर्यंत मी पाण्यासाठी पळतच होतो; तेवढ्यात त्याने डोळे किलकिले केले. "मुकादम पळतोय? मग आज सुट्टीच!"

दवाखान्यातून तो तिसऱ्या दिवशी परतला. तोवर माठ माणसांच्या हाताशी आला होता, अकरा ते चार काम बंद झालं होतं. सगळे आंब्याखाली जेवत होते. मी दूर उन्हातच थांबलो. लक्षीने नागलीच्या पेजेचा पेला माझ्यापुढे धरला.

"पी, शेठ. उन्हात तूही होतास."

तेव्हा मला ती माफी वाटली. आता वाटतं, लक्षी मला सावलीत बसायला जागा करून देत होती.