दिवाळीत पाडायची भिंत

यासीन मिस्त्रीनं मला फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच पैशानं आणि माझ्याच बायकोला हाताशी धरून फसवलं. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात कांदे विकत मी मोठा झालो. तराजूच्या दांडीवर कुणाचं बोट टेकलंय हे मला लांबून कळतं. मला फसवणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातला अंगठा म्हणजे यासीन मिस्त्री.

भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती. लातुरात शिकवण्यांचा जोर वाढत होता. गावोगावचे बाप पोराला डॉक्टर करायचं ठरवून त्याला इथं एका खोलीत सोडून जात. पोरगं दोन दिवसांत भुकेलं होऊन आमच्या दारात येई. सुमित्रा, म्हणजे माझी बायको, तीस जणांचे डबे करायची, आणि तेही दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागेल अशा स्वयंपाकघरात. शेजारी मधली खोली होती. दोन्हींमधली भिंत पाडली की लांबलचक ओटा होणार, तिसाचे साठ डबे होणार. हिशेब सरळ होता.

प्रश्न एकच होता, काम गुत्तेदाराला एकगठ्ठा द्यायचं की एकेक कारागीर लावून आपण करून घ्यायचं. गुत्तेदार मोटरसायकलवरून आला. त्याच्याकडे रंगीत फोटोंचा अल्बम होता.

"भिंत दोन दिवसांत उडवतो. तुम्ही फक्त चावी द्या, शेठ. पंधरा दिवसांनी या."

"आणि पंधरा दिवस मी काय करू?"

"आराम करा की."

आराम! माझ्या घराचं काम मी न बघता होणार आणि त्याबद्दल मीच वर पैसे मोजणार. तरीही त्याला नाही म्हटलं नव्हतं. दुसरा भाव कळल्याशिवाय पहिल्याला नाही म्हणू नये.

दुसरा भाव म्हणून निलंग्याहून यासीनला बोलावलं; आमच्या गल्लीतली दोन-तीन घरं त्याच्याच हातची. एसटीनं आला. साठीकडे झुकलेला, खांद्याला थैली, थैलीत थापी. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. आधी स्वयंपाकघरात गेला, त्या भिंतीवर तळहात टेकवून उभा राहिला, मग दुसऱ्या हातानं दोनदा थोपटलं, म्हशीला थोपटतात तसं. त्याची ती सवयच होती. भूकंपानंतर कित्येक दिवस त्यानं ढिगारे उपसले होते. तेव्हापासून कुठल्याही घरात तो आधी भिंतीला भेटायचा, माणसांना मागाहून.

मी त्याला सरळ विचारलं, "गुत्तेदाराला देऊ का नको?"

"गुत्तेदाराला दिलं तर एकाच मानसाशी भांडायला मिळतं, शेठ. न्हाई दिलं तर गवंडी, नळवाला, फरशीवाला, लाइटवाला. तुमची तबियत बघता चार जन बरे."

मी हसलो. इथंच माझं बोट घसरलं. मोकळेपणानं बोलणारा माणूस फसवणार नाही असं मला वाटलं.

"पर ही भिंत राहू द्या," तो म्हणाला.

"का?"

"वरचा बोजा हिच्यावर हाय. राहू द्या."

काम वाढू नये म्हणून हे प्रत्येक कारागीर म्हणतो. मी आवाज चढवला. गल्लीतले लोक सांगतात की मी आवाज चढवला की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा भाव करायचं थांबतं. तो पुन्हा म्हणाला, राहू द्या. मी म्हणालो, "पाडणार असशील तर काम घे, नाहीतर गुत्तेदार उद्या पाडतोय." तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि मी ते उघडू दिलं नाही.

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग दारात उभ्या सुमित्राकडे.

"हाव," तो म्हणाला. "पाडू की. पर आत्ता पाडली तर पोरांच्या डब्यात विटांची धूळ जाईल. दिवाळीत पोरं गावाला जातेत, तवा पाडू. तोवर बाकीचं करून घेतो."

एकही डबा न चुकता काम होणार! मी खूश झालो. गुत्तेदाराला त्याच संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं.

मग मी भांडत राहिलो. फरशीवाल्याशी उतारावरून, नळवाल्याशी तोटीवरून. यासीन मला रोज नवं भांडण पुरवायचा. "शेठ, वाळूत माती आली, जरा बघा की." मी वाळूवाल्याकडे धावायचो. मी नसलो की तो त्या भिंतीपाशी काम करायचा.

दिवाळी आली, पोरं गेली. मी घण आणला. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ओट्याचा कडप्पा भिंतीत वीतभर घुसवलेला. नळाचा पाइप भिंतीच्या पोटातून. सुमित्राच्या डब्यांच्या पाच फळ्या त्याच भिंतीत बसवलेल्या. सगळं नवं स्वयंपाकघर त्या एका भिंतीला लटकलं होतं.

"यासीन! हे काय करून ठेवलंस?"

"घ्या, शेठ, हाना घण," तो शांतपणे म्हणाला. "भिंत तुमची हाय. फकस्त आधी ओटा उचला, नळ बंद करा, अन् भाभींना विचारा."

भाभी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. "माझ्या फळ्यांना हात लावायचा नाही," सुमित्रा म्हणाली.

मी त्याला चोर म्हटलं. घरात नाही, हातात घण तसाच घेऊन रस्त्यावर येऊन, गल्ली ऐकेल असं. याला कुणी काम देऊ नका म्हणालो. तो थैली खांद्याला लावून स्टँडकडे गेला. आमच्या भागात पुन्हा दिसला नाही. माझं म्हणणं लोकांनी मानलं होतं.

डबे साठ झालेच. पोरं मधल्या खोलीत बसून जेवू लागली. काही वर्षांनी वर खोल्या बांधायच्या म्हणून इंजिनिअर आणला. तरुण पोरगा. त्यानं घर पाहिलं आणि त्या भिंतीपाशी थांबला.

"काका, तुमच्या घराला कॉलम नाहीत. दोन्ही खोल्यांचे स्लॅब मधे या एका भिंतीवर टेकले आहेत. ही कधी पाडायचा विचार नव्हता ना?"

त्या स्लॅबखाली सुमित्रा दिवसाचे दहा तास उभी असायची. पलीकडे पोरं जेवायची.

दुसऱ्या दिवशी निलंग्याला गेलो. दार त्याच्या मुलानं उघडलं. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली, म्हणाला. मी नाव सांगितलं.

"मुरुडवाले शेठ?" तो हसला. "अब्बा तुमच्या आवाजाची नक्कल करायचे. घरात समदे पोट धरून हसायचे."

"त्यानं मला नीट सांगितलं का नाही?"

"तीनदा सांगायला गेलो व्हतो म्हणायचे. मग भाभींना सांगितलं."

घरी आलो. सुमित्रा भाकरी थापत होती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मी त्याला गल्लीत चोर म्हणालो तेव्हा गप्प का राहिलीस?"

"तुम्ही घण खाली ठेवला नव्हता," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

यासीन सुटला. त्याला मी आता गाठू शकत नाही. पण एका भल्या माणसाला मी चोर ठरवलं, तेव्हा जिला सगळं ठाऊक होतं ती बोलली नाही. ज्या गल्लीनं त्याच्या हातची घरं पाहिली होती, तीही माझ्या आवाजापुढे मान डोलवत राहिली. एकानंही म्हणू नये, शेठ, तुमचं चुकतंय? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? जबाब द्या.